पडद्यावरचा चेंडू

मालकांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं आन् त्यांचा हात लुळा पडला. लोक म्हनले, चंद्राबाईच्या नशिबाला भोग आला. मी म्हनलं, व्हय बाई. खरं सांगू का, लगीन झाल्यापासनं पयल्यांदा मी निवांत जेवत हुते.

मारुंजीला आमच्या खोलीत भाड्यानं ऱ्हानारी क्षितिजा मेंदूवरचं संशोधन करायची. तिनं तारांची टोपी आनून मालकांच्या डोक्यावर चढवली. समोर कॉम्प्युटरवर एक चेंडू.

"काका, हात हलवतोय असा नुसता मनात विचार करा. मेंदूनं जोर लावला की चेंडू वर जाईल. रोज केलं तर हात खरंच हलायला लागेल."

मालकांनी मनात नांगर धरला, तंबाखू मळली, म्हशीची धार काढली. चेंडू काय हलंना. मी च्या घेऊन आत गेले, तर मेला टुनकन वर. बाहेर गेले की खाली, आत आले की वर.

क्षितिजाच्या डोळ्यांत पानी आलं. "काकू, किती जीव आहे हो यांचा तुमच्यावर. रोज समोर बसा."

जीव म्हनं. ह्याच हातानं माझा कान फोडला, दोन दात पाडले. मालक माझ्या गालाकडं बघत हुते. मनात हात कुटं पडतोय, मला कळत हुतं.

दिग्विजयला, माझ्या लेकाला, बाजूला घेऊन म्हनलं, मी न्हाई बसनार. ल्हानपनी मार बघून त्यो कॉटखाली लपायचा. म्हनला, "आये, इतकं सोसलंस, आता बापासाठी थोडं बस की."

बसले. भात काढनीच्या टायमाला हात मांडीवरनं उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर तोंडावर घेऊन खाली वाकले, सवयीनं. क्षितिजाच्या टाळ्या थांबल्या. लेकाच्या न्हाई थांबल्या.

दुसऱ्या दिवशी मी बसले न्हाई. लेक तनतनला, पन क्षितिजानं टोपी गुंडाळली आन् पुन्यांदा आनली न्हाई. उठलेला हात पडला त्यो पडलाच. बापाचा हात तू मारलास, लेक म्हनला. मी म्हनलं, व्हय, मारला.

डाव्या हातानं मालक जेवत न्हाईत, कमीपना वाटतो. मीच पेज भरवती, अगदी जवळ बसून. ते गालाकडं बघत्यात. मी गाल पुढं करती.

"करा इचार," म्हनती.

हात मांडीवरच ऱ्हातो. मग मी चमचा त्यांच्या तोंडापासनं जरा लांब धरती.