टर्बो तापलेला

उमरखेडच्या बाजारात कापसाच्या बैलगाड्या पाच दिवसांपासून खोळंबल्या होत्या. व्यापाऱ्याने खरेदी बंद केली, आणि त्याच घटकेला नासिर मिस्त्री व्यापाऱ्याचीच दुरुस्त केलेली लाल, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी घेऊन बाजाराच्या फाटकात आला. गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"शेठले पळवायले आला काय रे?" कापूस घेऊन आलेला तांड्यावरचा देवसिंग गाडीच्या दाराशी आला. "बंद कर ते."

"एक मिनिट, देवसिंगभाऊ. टर्बो तापला हाये. थंडा न करता बंद केला तं जळते."

"आमी पाच दिवसांपासून जळून राह्यलो, ते नाही दिसत तुले?"

देवसिंगच्या हातातली उभारी, बैलगाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उघड्या टपातून खाली आली. नासिरचं उजवं मनगट वाळल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडाच्या, काडीसारखं मोडलं. बोंड फुटावं तसं पांढरं हाड बाहेर आलं आणि लगेच लाल झालं.

तेवढ्यात व्यापारी धावत येऊन शेजारच्या सीटवर कोसळला. "दाब गाडी, नासिर. मारून टाकतील हे."

समोर तांड्यातली माणसं उभी होती. गाडी दाबली तर तीच चाकाखाली जाणार होती. नासिरने डाव्या हाताने किल्ली फिरवली आणि इंजिन विझवलं.

देवसिंगने उभारी पुन्हा उचलली. या वेळी ती शेजारच्या सीटवर उतरली.