दुसरी काठी

मुकादमांच्या हातात माईक गेला की तो काढून घ्यायला दोन माणसं लागायची. त्या दिवशी तर कुणी काढून घेतलाही नसता. पाणीखात्यातल्या निवृत्त लोकांची पेन्शन कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर वाढली होती आणि ती वाढवून आणणारे संघटनेचे अध्यक्ष म्हणजे आपले मुकादमच. सभागृह गच्च भरलं होतं. एरवी मोर्चाचं नाव काढलं की ज्यांचे गुडघे दुखायला लागायचे, ते सगळे ठणठणीत होऊन पहिल्या रांगेत बसले होते.

स्वतःचं कौतुक करून झाल्यावर मुकादमांनी दुसऱ्यांचं करायला घेतलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांची नजर गेली मागे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लंबूकडे.

लंबू म्हणजे मोर्चातली दुसरी काठी. संघटनेच्या कापडी फलकाला दोन काठ्या होत्या. एक अध्यक्षांनी धरायची, दुसरी लंबूनं. उन्हाचा तडाखा असो, नाहीतर निम्मे सभासद चहाच्या टपरीवर अडकलेले असोत, लंबूची काठी कधी खाली आली नाही. जोडी जुनीच होती. तरुणपणी दोघं एका चावीवर होते. चावी म्हणजे रस्त्याखालचा मोठा व्हॉल्व्ह उघडायची छातीएवढी उंच लोखंडी दांडी. तिच्या आडव्या दांड्याची दोन टोकं दोघांनी धरायची आणि घाण्याच्या बैलांसारखं गोल फिरायचं, तेव्हा कुठे लोकांच्या नळाला पाणी यायचं. पुढे एकजण मुकादम झाला. दुसरा चावीवरच राहिला.

“लंबू, वर ये,” मुकादम माईकमधून म्हणाले. “मंडळी, एवढ्या वर्षांत या माणसानं मला एकदाही चहा पाजलेला नाही. सगळी पेन्शन गादीखाली घालून झोपतो. आज याला सोडायचा नाही. सांग रे, वाढलेल्या पेन्शनचं काय करणार?”

सभागृहात हशा पिकला. लंबू वर आला. त्याच्यासाठी माईकचा दांडा उंच करावा लागला, त्यावरही लोक हसले. त्यानं मुकादमांकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं.

“छप्पर गळतंय,” तो म्हणाला. “ते नीट करून घेईन.”

टाळ्या पडल्या. मुकादमांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. संघटनेचे खजिनदार तेवढे मान खाली घालून बशीतला बिस्किटांचा चुरा वेचत राहिले. पण खजिनदार मुळातच घुमे, त्यामुळे मुकादमांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लंबू दारात उभा. अंगात पहारेकऱ्याचा निळा गणवेश, हातात टोपी. मुकादम नुकतेच पेपर उघडून बसले होते. आपला फोटो छापून आलाय का, ते बघत होते.

“मुकादम, जरा माझ्या घरी येता का? ड्युटीला जायच्या आत.”

“का रे? एवढ्यात छप्पर झालंसुद्धा?”

लंबू हसला नाही. “बायको बोलत नाही माझ्याशी. भाजी आणायला गेली होती, तिथं तुमच्यातल्याच कुणीतरी अभिनंदन केलं, नवऱ्याची पेन्शन वाढली म्हणून. ती म्हणते, वाढली म्हणजे आधीपासून होतीच की. मला इतकी वर्षं लोकांची भांडी घासायला लावलीत आणि पेन्शन कुठे उधळलीत?”

“मग दे ना तिच्या हातात. बायकोपासून कसली लपवाछपवी?”

“मला पेन्शन नाही, मुकादम.”

मुकादमांनी पेपर खाली ठेवला.

“अरे, रोजंदारीवाल्यांना कायम करायचा हुकूम निघाला होता. तेव्हा झालास ना तू कायम?”

“माझं वय बसलं नाही त्यात. रोजंदारीवर लागलो आणि रोजंदारीवरच घरी आलो. खजिनदारांना माहीत आहे. मला वाटलं, तुम्हालाही असेल.”

मुकादमांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. एकदाही नाही. तोवर ते मुकादम झाले होते, दुसऱ्या विभागात होते, आणि लंबू आपल्यासारखाच सुखात असणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तसं ठरवणं सोयीचं होतं. या वयात हा माणूस दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या फाटकावर उभा राहतो, ते बघून ते म्हणायचे, “हाव सुटत नाही रे तुझी.” पन्नास माणसांत म्हणायचे. आता तो एकेक विनोद आठवला आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

“मग स्टेजवर का नाही सांगितलंस?”

“तुमचा मोठा दिवस होता. लोक हसत होते. मी नाही म्हटलं असतं तर तुमची काय शोभा राहिली असती?”

“आणि मोर्चाला कशाला येत होतास? सुट्टी टाकून?”

“तुम्हीच म्हणायचात की, दुसरी काठी धरायला माणूस नाही.” लंबूनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. “आणि वाटलं, आधी मोठी लाईन भरते, मग गल्लीतली. तुमचं सुटलं की मागोमाग आमचंही सुटेल.”

मुकादमांनी चपला पायात घातल्या. रस्त्यात मुकादमांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. पेन्शनवाढीसाठी खात्याशी केलेल्या तडजोडीच्या कागदावर ते शेवटी होतं: यापुढे संघटनेची कोणतीही मागणी राहणार नाही. खात्याच्या साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, मान्य ना? आणि मुकादम ऐटीत म्हणाले होते, आम्हाला आणखी हवंय काय? वर सहीसाठी साहेबांचंच पेन मागून घेतलं होतं.

लंबूचं घर म्हणजे एक खोली. पत्र्याला दोन ठिकाणी डांबर फासलेलं होतं आणि त्याखाली फरशीवर बादली ठेवून ठेवून गोल डाग पडला होता. घरात खुर्ची एकच होती. लंबूच्या बायकोनं ती पदरानं पुसून पुढे केली, पण मुकादमांना बसवेना.

“वहिनी,” ते उभ्यानंच म्हणाले, “लंबूला पेन्शन नाही. कधीच नव्हती. त्यानं तुमच्यापासून काही लपवलेलं नाही.”

“खरं सांगताय भाऊजी?”

“अगदी खरं. एक पैसासुद्धा नाही.”

आयुष्यभर पेन्शन मिळावी म्हणून भाषणं ठोकलेला माणूस आता एका बाईला पटवून देत होता की तिच्या नवऱ्याला ती मिळत नाही. आणि तिला ते पटलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तिचा चेहरा सैल झाला, आणि तिला चक्क बरं वाटलं. आपला माणूस लबाड नाही, एवढंच तिला हवं होतं. मुकादमांना मात्र ते बघवलं नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“मग चारचौघांत हो कशाला म्हणाले हे?”

“माझी लाज राखायला.”

“ते भिडस्तच आहेत,” ती म्हणाली आणि स्टोव्हकडे वळली. “जाऊ दे. तुमचं काम झालं ना? चांगलं झालं. आता यांची पाळी. यांचं काम कधी हातात धरताय?”

नुसतं ‘धरू लवकरच’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. लंबूनं त्यांच्यासाठी एक खोटं पचवलं होतं, त्यांनी लंबूसाठी एक बोलायला हरकत नव्हती. शब्द जिभेवर आलेही होते.

“नाही धरता येणार, वहिनी. पुढे काही मागणार नाही, असं लिहून देऊन आलोय मी. माझ्याच सहीनं.”

लंबू गणवेशाची वरची बटणं लावत होता, त्याचा हात गळ्याशी थांबला.

“मला पेन्शन नाही हे आधी कळलं असतं,” त्यानं सावकाश विचारलं, “तर केली नसतीत सही?”

मुकादमांना सहीची वेळ आठवली. बाहेर सभासद वाट बघत होते, पहिल्या रांगेतले, ठणठणीत गुडघ्यांचे. आणि हार आधीच आणून ठेवलेले होते.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

लंबूनं मान हलवली. रागानं नाही. एखाद्या बंद पडलेल्या व्हॉल्व्हला चावी लावून बघावी आणि तो फिरणार नाही हे कळावं, तशी हलवली. मग राहिलेलं बटण लावलं आणि टोपी डोक्यावर चढवली.

मुकादम दाराकडे निघाले, तेवढ्यात लंबूच्या बायकोनं कप पुढे केला. त्यांनी हात वर केला. नको, उशीर होतोय, लंबूलाही जायचंय, असं काहीतरी ते पुटपुटले.

“घ्या, मुकादम,” लंबू म्हणाला. “चहा पाजला नाही असं पुन्हा म्हणू नका.”

मुकादम त्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले. नवराबायको दोघंही उभी होती. चहा गोड होता, आणि तो त्यांना शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.