टाळ्या वाजवणाऱ्या डायरेक्टरबाई

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत डायरेक्टर दोनच: अण्णासाहेब आणि त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई. बाई नऊ वर्षं घरबसल्या, न वाचता सह्या करायच्या. एकदा त्यांनी मीटिंगचा वृत्तांत वाचला. त्यात त्यांनी नवऱ्याच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या होत्या.

ऑफिसात त्यांच्यासाठी खुर्चीच नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या रिक्षात घरची खुर्ची घालून आल्या.

“अगं, मीटिंग झाली कालच!” अण्णासाहेब म्हणाले.

“काल मी पापड लाटत होते. पुन्हा घ्या, नाहीतर सही नाही.”

अण्णासाहेबांनी ठराव मांडला, की बाईंनी घरी जावं. बाजूने एक मत, विरोधात एक. ठराव बारगळला.

“आता माझा विषय. पॅकिंगमधल्या सुमतीला सुपरवायझर करायचं.”

“माझा विरोध!”

“चालेल. तुमचं मत बदलेपर्यंत बसू. मी डबा आणलाय, माझ्यापुरता.”