लाईन गेल्यावरचा खेळ

मी एक जुना यूपीएस आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. लाईन गेली की संगणकाला थोडा वेळ तगवून धरायचं, एवढंच माझं काम. पत्र्याचा डबा, पोटात तारा, शेजारी दोन बॅटऱ्या आणि एक भोंगा. लाईन गेली रे गेली की मी टीं टीं करायला लागतो. लोक म्हणतात, काय कटकट्या आहे! आहेच मी कटकट्या. ज्याच्या जिवावर चार जणांचं काम चाललंय, त्यानं निवांत बसायचं तरी कसं?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला आठवतो तो अकोला ते पातूर प्रवास, एसटीच्या टपावरचा. काय ती धूळ आणि काय ते धक्के! फुरकानभाईंनी पातूरला बसस्टँडजवळ नेट कॅफे टाकला होता. चार संगणक आणि एक मोडेम, सगळा भार माझ्यावर. आल्या आल्याच भर दुपारी लाईन गेली. सगळा बाजार ठप्प झाला आणि आमच्याकडे मात्र बारावीचे निकाल दिसत राहिले. फुरकानभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या पाठीवर थाप मारून दाखवायचे. मी असा फुगलो होतो म्हणून सांगू!

ते दिवस वाईट होते. कापसाचं काही खरं नव्हतं. शेताला लाईन रात्री मिळायची आणि गावातली दिवसा जायची. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण त्याच्यावर माझा कधी विश्वास बसला नाही. दुपार झाली की मी भोंगा सरसावून बसायचो.

मग तो बंदुकांचा खेळ आला. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, कोण कुठल्या देशात बसलाय त्याचा पत्ता नाही. आमची पोरं त्याला ‘गोळीबार’ म्हणायची. कॅफेत दोघं त्यात तयार झाले. पहिली फलक, फुरकानभाईंची धाकटी बहीण, कॉलेजात शिकणारी. तिचा नेम असा की समोरचे लिहायचे, ही लबाडी करते. दुसरा अमोल, जवळच्या खेड्यातला. रात्रभर विहिरीवर मोटर धरायचा, पिकाला पाणी देत ओलीत करायचा आणि सकाळी जांभया देत यायचा.

त्या खेळाविषयी लोकांची मतं काय वर्णावी! खेळाच्या पानावर रोज नवी भांडणं. कोणी म्हणे असा खेळ दुनियेत नाही, कोणी म्हणे कंपनी लुटारू आहे, पैसेवाल्यांना भारी बंदुका विकते. कॅफेत ती मतं मोठ्यानं वाचली जायची आणि पोरं आपसात जुंपायची. पण सगळ्यात जास्त शिव्या खायचा तो कंपनीचा एक नियम. सामना अर्धवट सोडून गेलात की नावापुढे काळी खूण. खुणा वाढल्या की खातं कायमचं बंद. का गेलात, हे कोणी विचारत नसे.

आता आमच्याकडे लाईन जायची, आणि माझ्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या. सुरुवातीला फुरकानभाई त्यांत नेमानं डिस्टिल वॉटर घालायचे, पुढे विसरले. मी टीं टीं करून करून घसा फोडला, त्यांनी भोंग्यावर कापड दाबलं. मग व्हायचं तेच झालं. फलक आणि अमोल, दोघांच्याही नावापुढे खुणा पडत गेल्या. आणखी एक पडली की खेळ खलास. फलकनं कंपनीला लिहिलं की आम्ही पळत नाही, आमच्याकडे लाईन जाते. उत्तर आलं की वीजपुरवठा स्थिर ठेवावा. सगळा कॅफे खो खो हसला. फलक मात्र हसली नाही, आणि मलाही हसू आलं नाही.

अशात पुण्याच्या तीन पोरांनी या दोघांना निरोप धाडला. त्यांना मोठ्या स्पर्धेसाठी दोन जण हवे होते. एक सामना सोबत खेळू, जमलं तर दोघांना घेऊ, असं ठरलं.

सामन्याच्या दिवशी उन्हानं कहर केला होता. बहिणीला घाम फुटू नये म्हणून फुरकानभाईंनी कूलरमध्ये बर्फाची लादी टाकली. आणि मित्रांनो, लाईन गेली तरी हवा चालू राहावी म्हणून त्यांनी त्या कूलरची पिन माझ्याच बोर्डात खोचली! माझ्या म्हाताऱ्या पाठीवर कूलर! मी सांगणार कोणाला?

खेळ ऐन रंगात आला आणि लाईन गेली. कापडाखालून मी जीव तोडून ओरडलो. कूलर घरघरत राहिला, दोन संगणक आणि मोडेम चालू राहिले, आणि माझ्यातलं बळ नळाच्या पाण्यासारखं वाहून चाललं. फुरकानभाईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि पिन उपटली. पण व्हायचा तो खुळखुळा झाला होता. माझा आवाज आता सलग येऊ लागला. पातूरच्या सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता, आता मी विझणार. दोन संगणक मी काही ओढू शकत नव्हतो. खरं सांगतो, एवढी भीती मला कधी वाटली नाही.

अमोलनं फलककडे पाहिलं. ती डोळे न हलवता खेळत होती. त्यानं हात लांबवला आणि आपला संगणक बंद केला. मला एकदम हलकं वाटलं, आणि लाजही वाटली.

फलक शेवटपर्यंत खेळली. अमोलच्या वाटणीचा भारही तिच्यावर होता, तरी सामना जिंकून गेली. तिचा पडदा विझल्यावर मीही विझलो.

संध्याकाळी लाईन आली. अमोलचं खातं कायमचं बंद झालेलं होतं. पुण्याचा निरोपही आलेला होता. मुलगी पक्की, तो पळपुटा नको, भित्र्यांचं आमच्यात काम नाही. फलकचा चेहरा लाल झाला. ती भराभरा खरं काय ते लिहायला बसली. अमोलनं तिच्या कळफलकावर हात ठेवला.

“नको लिवू,” तो म्हणाला. “लाईनचं समजलं तर थे तुलेई घेनार नाही.”

“मंग तुले पयपुटा म्हनू देऊ?”

“म्हनू दे.”

मोटरीची वेळ झाली म्हणून तो उठला आणि एसटीकडे निघून गेला. फलकनं लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं. पुसताना ती रडत होती. त्यानंतर पहिल्यांदाच फुरकानभाईंनी माझ्या भोंग्यावरचं कापड काढलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या बॅटरीत वेळेवर पाणी घाला, आम्ही ओरडलो तर कान झाका, पण तोंड बांधू नका. आणि एक विनवणी आहे. तुमच्या खेळातून कोणी मधेच नाहीसा झाला, तर रागावा हवं तर. पण पळपुटा म्हणून लिहू नका. पुण्याच्या पोरांच्या जागी उभं राहून मीही पाहिलं, त्यांना अमोल पळालेलाच दिसला असणार. तो अजून त्यांच्या लेखी पळालेलाच आहे.