दुर्गाबाईंची हिरवी भिंत

अकोल्यात ऊन घराबाहेर ठेवण्यातच माणसाचा जन्म जातो. जुन्या शहरातला नियाज रंगारी मात्र अंगणात उजेडाची वाट बघत बसायचा. लग्नाच्या ओढण्या लेहंग्याशी मिळवून रंगवणं हे त्याचं काम, आणि ट्यूबलाइटखाली रंग पारखणं म्हणजे नाक दाबून अत्तर घेणं. शेजारच्या दुर्गाबाईंनी घरावर दोन मजले चढवले, तसं त्याच्या अंगणात भरदुपारी सांज उतरू लागली. रंग जुळत नाही म्हणून ओढण्या परत यायला लागल्या. असंच चाललं तर धंदा गुंडाळावा लागणार होता.

शेवटी त्यानं मनाचा हिय्या केला. "वहिनी, तुमच्या भिंतीले आमच्या बाजूनं रंग मारता का? भिंत उजळ असली तं ऊन तिच्यावर पडून उजेड खाली आमच्याकडे येते."

रंगाऱ्यानं रंगाचं नाव तेवढं घेतलं नाही.

दुर्गाबाई तोंडानं फटकळ, मनानं लोणी. आठवड्यात भिंत रंगली. पोपटी हिरवी!

"दुकानदार पांढरा देत होता," त्या गच्चीवरून ओरडल्या. "म्या म्हटलं, शेजाऱ्याले खुश करायचं तं त्याच्या आवडीचा हिरवाच द्या!"

नियाजनं हात जोडले. दुसरं काय करणार?

सकाळी ऊन भिंतीवरून घरंगळत अंगणात येई आणि सगळं घर तळ्याच्या तळाशी जाऊन बसे. वाळत घातलेल्या ओढण्या शेवाळासारख्या हलत. चहाची वाफ हिरवी, बायकोचे, हलीमाबीचे, पांढरे केस हिरवे, मांजरही पोहत गेल्यासारखं जाई. नियाज बघतच राही. इतक्या दिवसांनी उजेड आला होता, सुंदर होता आणि साफ खोटा होता.

"बोल क्यूँ नहीं देते जी?" हलीमाबी म्हणे.

"इतने प्यार से दिया है. बुरा कैसे बोलूँ?"

मग दुर्गाबाईंच्याच लेकीचं, सीमाचं लग्न ठरलं. डाळिंबी लेहंग्याचा तुकडा आला. नियाजनं जीव ओतून ओढणी रंगवली. रस्त्यावर नेऊन पारखली तर वहिनींना भिंतीचं कळेल, म्हणून अंगणातच बघितली; तुकड्याशी तंतोतंत जुळली. दुर्गाबाईंनी ती रस्त्यावर उन्हात धरली, तर विटकरी.

"हे काय केलं, भाऊ?"

"माहे डोये गेले, वहिनी," तो खाली मान घालून म्हणाला. "आता धंदा बंद करतो."

दुर्गाबाई ओढणी आणि तुकडा घेऊन अंगणात आल्या. जुळली. बाहेर नेली. बिघडली. पुन्हा आत आल्या, तेव्हा त्यांना स्वतःचा तळहात हिरवा दिसला. त्यांनी वर पाहिलं.

"भिंतीचा दोष हाय हा! अन् तुमी आपल्या डोयावर घेऊन राहिले?"

"तुमी मनापासून रंग देल्ला..."

"धंदा बुडवान, पण मले एक शब्द बोलणार नाही? मी काय परकी हाव?" त्यांचा आवाज चिरकला. भिंतीपेक्षा त्यांना तेच लागलं होतं. नियाजला आपल्या अदबीची लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी भिंतीवर पांढरा चढू लागला. तळं ओसरलं आणि अंगणात साधा, थंड, खरा उजेड उतरला. नव्यानं रंगवलेली डाळिंबी ओढणी नियाजनं त्यात तुकड्याशी लावून धरली. जुळली. त्याचे डोळे शाबूत होते. मग त्यानं वर गच्चीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि हिंमत करून हाक मारली,

"वहिनी, कोपऱ्यात हिरवं राहिलं!"

"दिसते मले!" दुर्गाबाई खेकसल्या, आणि नियाजला फार बरं वाटलं.