रुळायचे तीन दिवस

पाळणाघराचा नियम साधा होता. नव्या मुलाला रुळायला तीन दिवस. तेवढे दिवस आईनं बाहेरच्या बाकावर बसायचं, मूल रडलं की दारात येऊन तोंड दाखवायचं आणि मागे फिरायचं. तिसऱ्या दिवशी रुळलं तर जागा पक्की, नाहीतर यादीतलं पुढचं मूल. आणि यादी म्हणजे मारुतीचं शेपूट.

तिनं चार पाळणाघरं पालथी घातली होती. एकाला वर्षाचे पैसे आधी हवे होते, एकात टीव्हीच मुलं सांभाळत होता. हे पाचवं. इथं निम्मा पगार जाणार होता, पण दार सहाला उघडायचं. आजवर लेकीला धाकटी जाऊ बघायची. ती म्हणाली होती, "छकुली मला जड नाही हो ताई, पण एक तारखेपासून मीच दुकानात उभी राहणार." बस चालवणारा नवरा म्हणाला, "माझ्या शेजारी बसवू. तिकीट माफ." दोघी हसल्या नाहीत.

ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होती. रात्रभर चादरी, सकाळी थेट बाक; छकुलीला नवरा कामावर जाता जाता आणून सोडायचा. पहिल्या दिवशी नऊ वेळा दारात गेली, दुसऱ्या दिवशी अकरा. छकुली दाराकडेच तोंड करून बसायची. रडं वाढतच होतं.

तिसऱ्या दिवशी मात्र बाकानं दगा दिला. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. तिला बाकावर बसलं की झोप सुचली. भिंतीला डोकं टेकलं आणि गेली.

धुलाईखान्यातल्या बायकांची झोप जगावेगळी असते. धुण्याच्या यंत्राचा ड्रम धडधडत असतो तोवर त्या बसल्या जागी डुलकी काढतात. ड्रम थांबला की डोळे उघडतात, कारण तेव्हा कपडे काढायचे असतात. आवाज त्यांना झोपवतो, शांतता उठवते.

ती दचकून उठली. आत सगळं शांत होतं.

धावत दारात गेली. छकुली पाळणाघराच्या बाईंच्या मांडीला टेकून पेल्यातून पाणी पीत होती. डोळे सुजलेले, नाक लाल. तिनं पेल्याच्या कडेवरून आईकडे पाहिलं, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं. मग पुन्हा पाणी.

"किती वेळ रडली?"

"अर्धा तास. हाका मारून मारून आवाज बसला तिचा. मी उठवणार होते तुम्हाला, मग म्हटलं, बघू तरी. तुम्ही येत होतात म्हणूनच रडत होती हो. आज आला नाहीत, तशी सुटली बिचारी." बाईंनी वही पुढं ओढली. "रुळली. जागा पक्की. तोंड का असं? पेढे वाटा."

जागा मिळाली, असं तिनं मनात म्हणून पाहिलं. मन जागचं हललं नाही. हातांना अजून ओल्या चादरींचा गारवा होता, तोच सगळीकडे पसरल्यासारखा.

"हाका कुणाला मारत होती?"

"आईला," बाई म्हणाल्या. "सगळीच मारतात. इथं सही करा. आणि इथं."

तिनं इथं केली. आणि इथं.