उकंडरावांचं गप्प बसायचं काम

हरीओमच्या सिनेमात माणसं फार कमी बोलतात, म्हणून पुण्या-मुंबईचे जाणकार त्याला मानतात. खरी गोष्ट अशी, की पहिल्या सिनेमाच्या वेळी आवाज टिपायचं यंत्र बिघडलं आणि अर्ध्या प्रसंगांत नुसती घरघर आली. महोत्सव तोंडावर आलेला, पुन्हा आवाज भरायला सवड नव्हती. हरीओमनं घरघर पुसून टाकली आणि माणसं तशीच मुकी ठेवली. परीक्षकांना त्या शांततेत ग्रामीण जीवनाची खोल व्यथा ऐकू आली. बक्षीस मिळालं. त्यानंतर बिचाऱ्याला संवाद लिहायची सोय उरली नाही. दुसऱ्या सिनेमात नायकानं मध्यंतरापर्यंत तोंड उघडलं नाही आणि तिसऱ्यात नायिका जन्मापासूनच मुकी. तो सिनेमा वाशीमच्या टॉकीजमधून दुसऱ्याच दिवशी उतरला.

चौथा सिनेमा त्यानं आपल्या गावी, किन्हीराजाला करायला घेतला. सासरी पटेना म्हणून माहेरी आलेली मुलगी एक दिवस कायमची शहराला निघते आणि ओट्यावर बसलेला बाप तिला जाताना नुसता पाहत राहतो, असा त्याचा शेवट होता. बापाच्या कामासाठी मुंबईहून एक नावाजलेले नट आणले होते. गावानं त्यांना पहिल्याच रात्री असा झणझणीत रस्सा वाढला, की सकाळी त्यांना वाशीमच्या दवाखान्यात न्यावं लागलं. नायिकेचं काम करणाऱ्या खुशबूला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. तिनंच सुचवलं, की सरांचे वडील आहेत की, नुसतं बसायचंच तर आहे.

हरीओमला आपले वडील चांगलेच ठाऊक होते. उकंडराव एसटीत बसले, की तालुक्याचं मालेगाव येईपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाच्या पोराची सोयरीक जमवून उतरत. पण दुसरा इलाज नव्हता. त्यानं वडिलांना तीन-तीनदा समजावलं. उकंडरावांनी नवं धोतर नेसलं, दाढी केली आणि ओट्यावर असे ताठ बसले, जणू फोटो काढायचाय.

कॅमेरा सुरू झाला. तेवढ्यात रस्त्यानं शेजारचे गोविंदसिंग चालले होते. त्यांनी रामराम घातला. उकंडरावांनी रामराम घेतला आणि सोयाबीन सोंगून झालं का, तेही विचारलं. हरीओमनं दोन माणसं उभी करून रस्ता बंद केला. मग उकंडराव बोलले नाहीत, पण मध्येच कॅमेऱ्यावाल्या मयंककडे वळून, बरोबर बसलो ना, असं त्यांनी भुवयांनी विचारलं. तोही प्रसंग वाया गेला.

तिसऱ्या खेपेला मात्र सगळं जमून आलं. खुशबू पिशवी घेऊन दारातून बाहेर आली, ओट्यापाशी क्षणभर थांबली, बापाकडे पाहिलं आणि निघाली. उकंडरावांनी ओठ घट्ट मिटले होते. ती फाटकापाशी पोचली.

"जेवली का वं तू?" उकंडरावांनी विचारलं.

खुशबू थबकली. मागे वळून तिनं नकळत नाही म्हणून मान हलवली.

"मंग काहून उपाशी चालली? जायचं असन त जाय, मी नाई म्हनत नाई. पन दोन घास खाऊन जाय."

आणि ती रडायला लागली. डोळ्यांत ग्लिसरीन न घालता, नाक लाल होईस्तोवर रडली आणि ओट्याच्या पायरीवर येऊन बसली. उकंडरावांनी सरकून तिला जागा करून दिली. कट म्हणायचं हरीओमला सुचलंच नाही, आणि तो म्हणाला नाही म्हणून मयंकनंही कॅमेरा चालू ठेवला.

नंतर हरीओम वडिलांवर चिडला. गप्प बसायला सांगितलं होतं, असं तो म्हणाला.

"गपच होतो," उकंडराव म्हणाले. "पन लेकरू उपाशी घर सोडून चाललं अन् बाप पाह्यत बसला, असा बाप कुठी पाह्यला तू?"

हरीओम पहिल्यांदा मुंबईला निघाला तेव्हा हेच बाबा स्टँडवर गाडी सुटेपर्यंत खिडकीला धरून बोलत होते. पाणी उकळून पी, चपला सांभाळ, तिथं कोणाच्या भांडणात पडू नको. मित्रांपुढे लाजून त्यानं त्यांना घरी जायला सांगितलं होतं. ते त्याला आता आठवलं.

तरी हट्टी तो. वडिलांच्या तोंडात सुपारी देऊन त्यानं एक मुका प्रसंग करून घेतलाच. मुंबईला तो सिनेमाला जोडूनही पाहिला. निर्माता श्रेयांस वाशीमच्या कापडवाल्यांच्या घरातला. त्यानं दोन्ही शेवट पाहिले. मुक्या शेवटाला जांभई दिली आणि बोलत्या शेवटानंतर बाहेर जाऊन आईला फोन लावला. हरीओमनं निमूटपणे मुका प्रसंग काढून टाकला.

सिनेमा चालला. वाशीमला तर बाया पुन्हा पुन्हा पाहायला आल्या. एका जाणकारानं लिहिलं, की दिग्दर्शकानं आपल्या मौनाशी तडजोड केली. ते वाचून हरीओम आठवडाभर धड जेवला नाही. शेवटी आईचा, प्रयागबाईचा, फोन आला. तिनं ते लिहिणाऱ्याला किन्हीराजाला जेवायला घेऊन ये म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्याला हसू आलं.

पुढे मुंबईच्या दुसऱ्या एका दिग्दर्शकानं उकंडरावांना सुनेला छळणाऱ्या सासऱ्याचं काम देऊ केलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, दिग्दर्शकाच्या घरच्या सगळ्यांची चौकशी केली आणि असलं काम आपल्याच्यानं होणार नाही म्हणून कळवलं. हे कळल्यावर हरीओमला हायसं वाटलं. त्याच्या नव्या सिनेमात वडिलांसाठी काम होतं आणि त्यांचे संवाद लिहिता लिहिता रोज वाढतच चालले होते.